उत्पन्न घटले की पहिली कात्री कोणत्या कामाला? नागपूर मनपाचा अर्थसंकल्प वस्तीच्या बाजूने वाचताना

‘काम मंजूर आहे, पण निधी नाही.’ उत्तर नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत हे वाक्य ऐकले नाही असे घर सापडणार नाही. गडरलाइन मंजूर असते, विहारासमोरच्या रस्त्याचे भूमिपूजन झालेले असते, अभ्यासिकेचा ठराव झालेला असतो. मग झोन कार्यालयात चौकशीला गेले की हे वाक्य कानावर पडते आणि आपण परत येतो. निधी नाही म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही, असे आपल्याला वाटते.

आमचे म्हणणे असे की खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात. निधी कमी पडला म्हणून शहरातली सगळी कामे बंद पडत नाहीत. काही थांबतात, काही चालू राहतात. कोणती थांबवायची हे कुणीतरी ठरवलेले असते, किंवा कुणीच न ठरवता ते ठरून जाते. दोन्ही प्रकारांत फटका बहुतेक वेळा एकाच बाजूला बसतो. तो का बसतो आणि आपण त्याबद्दल काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

वेळही तशीच आहे. मार्च २०२२ मध्ये नागपूर महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे शहराचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहात पुन्हा १५१ नगरसेवक आले आहेत. म्हणजे विचारायला पुन्हा माणसे आहेत. काय विचारायचे, हे मात्र आपल्याला माहीत हवे.

मनपाचा पैसा येतो कुठून?

जुन्या नागपूरकरांना जकात नाके आठवत असतील. शहरात येणाऱ्या मालावर मनपा स्वतः कर घेत असे आणि तो रोजच्या रोज तिजोरीत जमा होत असे. जकातीत भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा लागत, हे खरे. पण ते मनपाचे स्वतःचे उत्पन्न होते. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना राज्य सरकारने त्यातून मोकळे केले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेला एलबीटीही गेला.

त्याच्या बदल्यात राज्य सरकार मनपाला दर महिन्याला भरपाई देते. यासाठी २०१७ मध्ये राज्याने कायदा केला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरायचे आणि त्या रकमेत दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची, असे त्याचे सूत्र आहे. ऐकायला हे बरे वाटते. पण आधारवर्षाचा आकडा कमी धरला गेला, तर ती उणीव दरवर्षी पुढे पुढे सरकत जाते. शहर वाढले, बाजार वाढला, तरी मनपाच्या हाती येणारी रक्कम सूत्राबाहेर जात नाही.

बाकी उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी आणि विकास शुल्कातून नगररचना विभागाला मिळणारी रक्कम, बाजार आणि गाळ्यांचे भाडे. यात मालमत्ता कर सर्वात भरवशाचा, पण थकबाकी जुनी आणि मोठी. नगररचनेचे उत्पन्न बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीवर हलते. तिसरा मोठा भाग केंद्र आणि राज्याच्या अनुदानांचा. तो बहुतेक वेळा बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना दिलेला पैसा हवेची गुणवत्ता, पाणी आणि स्वच्छता यांनाच लावला. त्यातून अभ्यासिका बांधता येत नाही आणि दवाखान्याचे छतही दुरुस्त करता येत नाही.

इथे आपल्याला बाबासाहेबांचे एक कमी वाचले जाणारे पुस्तक आठवायला हवे. कोलंबिया विद्यापीठासाठी केलेल्या संशोधनावर आधारलेला त्यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तीन टप्पे उलगडून दाखवले. १८७१ पासून केंद्र सरकार प्रांतांना ठरावीक रक्कम देत असे. १८७७ पासून काही उत्पन्नाची साधनेच प्रांतांकडे सोपवली गेली. १८८२ पासून साधनांत वाटा मिळू लागला. प्रांत केवळ वरून येणाऱ्या ठोक रकमेवर चालतो की त्याच्या हाती स्वतःची साधने आहेत, हा फरक त्यांनी शंभर वर्षांपूर्वी अभ्यासला. जकात जाऊन भरपाई आली तेव्हा आपली मनपा नेमकी उलट्या दिशेने गेली. साधन हातातून गेले आणि ठरावीक रक्कम हाती आली. खर्चाची जबाबदारी मात्र मनपाकडेच राहिली.

फुगलेला अंदाज आणि अडकलेली देयके

अर्थसंकल्प कसा तयार होतो, हे थोडक्यात पाहू. आयुक्त उत्पन्न-खर्चाचा अंदाज स्थायी समितीला देतात. स्थायी समिती त्यात बदल करून सभागृहापुढे ठेवते आणि सभागृह मंजुरी देते. घोळ होतो तो दुसऱ्या पायरीवर. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागासाठी कामे हवी असतात. कामे वाढवायची तर खर्चाची बाजू वाढते. खर्च वाढला की जमाखर्च जुळवण्यासाठी उत्पन्नाचा आकडाही वाढवावा लागतो. मग मालमत्ता कराची वसुली यंदा एकदम वाढेल, नगररचनेतून भरघोस पैसा येईल, राज्याकडून विशेष अनुदान मिळेल, असे कागदावर गृहीत धरले जाते.

कागदावर तरतूद आली की कामाला मंजुरी मिळते, निविदा निघते, कार्यादेश होतो. वर्षअखेर उत्पन्न तेवढे येत नाही. काम झालेले असते, पण कंत्राटदाराचे बिल थकते. ते पुढच्या वर्षाच्या माथी बसते. पुढच्या वर्षी पुन्हा नवी कामे मंजूर होतात. असे तीन-चार वर्षे चालले की जुन्या देण्यांचा डोंगर उभा राहतो. कंत्राटदार नवीन निविदा भरत नाहीत. भरल्या तर उशिरा मिळणाऱ्या पैशाचा भार धरून दर चढे लावतात. म्हणजे तेच काम आपल्याला महाग पडते.

नागपूरने हे पाहिले आहे. २०१९-२० चा स्थायी समितीचा अर्थसंकल्प ३,२०० कोटींच्या घरात होता. जानेवारी २०२० मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले आणि मनपाच्या तिजोरीत तेवढा पैसा येणे शक्य नाही, देणी मात्र मोठी आहेत, असे सांगत त्यांनी मंजूर झालेली पण प्रत्यक्ष सुरू न झालेली कामे थांबवली. सभागृहात मोठा वाद झाला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांची बदली झाली. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला आयुक्त विरुद्ध नगरसेवक असा रंग दिला. कुणी त्यांच्या बाजूने, कुणी विरोधात घोषणा दिल्या. पण ज्या वस्तीतले काम थांबले त्या वस्तीने विचारायचा प्रश्न वेगळा होता. सरसकट थांबवलेल्या कामांत वस्तीतली गडरलाइन आणि चौकातले सुशोभीकरण यांत फरक केला गेला का? ‘सुरू झाले की नाही’ ही कसोटी लावायला सोपी आहे. पण ‘गरजेचे आहे की नाही’ ही कसोटी ती नव्हे. ज्याची ओळख मोठी त्याचे काम आधी सुरू होते, हे आपण सगळे जाणतो.

त्याच वर्षी कोरोना आला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने स्वतःच्या योजनांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी कामे हाती घेऊ नयेत असे सांगितले. वरच्या नळाला तोटी बसली की खालच्या माठात किती येणार?

कात्री कशी चालते?

आता एक साधे उदाहरण घेऊ. हे आकडे नागपूर मनपाचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरले आहेत.

समजा, मनपाला वर्षात १०० रुपये येतील असा अंदाज आहे. त्यातले ४५ रुपये पगार आणि पेन्शनला जातात. २० रुपये पाणीपुरवठ्याची वीज, कचरा उचलणे, पथदिवे, बससेवा अशा रोजच्या खर्चाला. १० रुपये कर्जाचे हप्ते आणि मोठ्या प्रकल्पांतला मनपाचा वाटा. ५ रुपये जुनी बिले. उरले २० रुपये, ते प्रभागातल्या नव्या कामांसाठी.

आता उत्पन्न १०० ऐवजी ८० रुपयेच आले. पगार थांबवता येत नाही. पाण्याचे पंप बंद करता येत नाहीत. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही. प्रकल्पातला वाटा दिला नाही तर केंद्राचा पैसा अडकतो. जुन्या बिलांसाठी कंत्राटदार कोर्टात जाऊ शकतो. या सगळ्यांची बेरीज बरोबर ८० होते. नव्या कामांना राहिले शून्य.

उत्पन्न घटले २० टक्के, पण प्रभागातली कामे घटली १०० टक्के. वस्तीला जाणवते ती ही दुसरी टक्केवारी. म्हणून वर्तमानपत्रात ‘मनपाच्या उत्पन्नात थोडी घट’ असे छापून येते आणि आपल्या गल्लीत वर्षभर एक फावडेही पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

मोठ्या प्रकल्पांतला वाटा म्हणजे काय, हेही पाहू. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ८,६८० कोटींचा. त्यात केंद्र आणि राज्य प्रत्येकी २० टक्के, मनपा आणि नागपूर सुधार प्रन्यास प्रत्येकी ५ टक्के, उरलेले कर्ज. ५ टक्के ऐकायला किरकोळ, पण हिशेब केला तर ४३४ कोटी होतात. तो वाटा रोख द्या की जमिनीच्या रूपात द्या, जातो तो शहराचाच. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली, तेव्हा त्याचा खर्च १,९२५ कोटींहून अधिक सांगितला गेला. त्यात केंद्राचे ६०, राज्याचे २५ आणि मनपाचे १५ टक्के. म्हणजे मनपावर पावणेतीनशे कोटींहून अधिक भार.

आम्ही या प्रकल्पांच्या विरोधात नाही. मेट्रो उत्तर नागपुरातूनही धावते, इंदोरा चौकात थांबते. नाग नदी साफ झाली तर तिच्या काठच्या गरिबांनाच आधी मोकळा श्वास मिळेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली आणि माणसे दगावली, हे शहर विसरलेले नाही. मुद्दा एवढाच की ‘केंद्राने पैसा दिला’ अशी जाहिरात होते, तेव्हा मनपाचा वाटा कोणत्या कामातून काढला, हे कुणी सांगत नाही. प्रकल्प उभा राहिल्यावर त्याची देखभाल, वीज, मनुष्यबळ यांचा खर्च दरवर्षी कोण करणार, हेही सांगितले जात नाही. तो खर्च वरच्या उदाहरणातल्या २० रुपयांच्या रकान्यात जाऊन बसतो आणि शेवटच्या २० रुपयांना आणखी खातो.

वस्तीचे काम नेहमी शेवटी का?

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि त्यात बौद्ध सुमारे १५ टक्के. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. त्यांत आणि जुन्या कामगार वस्त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने राहतो. या वस्त्यांची कामे मागे पडण्याची काही कारणे उघड आहेत.

पहिले, वस्तीतली कामे लहान असतात. दोनशे मीटरची गडरलाइन, एक सार्वजनिक शौचालय, एक बोअरवेल. त्यांना केंद्राच्या योजनेत जागा नसते आणि त्यांच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. ती मनपाच्या स्वतःच्या मोकळ्या पैशातून होतात, आणि आपण पाहिले की आटतो तो हाच पैसा.

दुसरे, कागदपत्रांचा गुंता. नागपुरात ५७२ आणि १,९०० लेआऊट हे आकडे लहान मुलालाही पाठ आहेत. इथल्या लोकांनी प्लॉट घेतले, घरे बांधली, नियमितीकरणासाठी सुधार प्रन्यासकडे पैसे भरले. रस्ता, नाली, दिवे कुणी द्यायचे यावर मनपा आणि प्रन्यास एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. मालमत्ता कर मात्र आकारला गेला. कर घेताना घर दिसते, सुविधा देताना लेआऊटची मंजुरी शोधली जाते.

तिसरे, राखीव निधी. मनपाने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा, असे शासनाचे धोरण आहे. त्याशिवाय राज्याची नागरी दलित वस्ती सुधार योजना आहे, घरांसाठी रमाई आवास योजना आहे. हा पैसा भीक नव्हे, हक्क आहे. पण तो टक्केवारीत असल्यामुळे उत्पन्न घटले की तोही घटतो. त्यातही कागदावर ठेवलेला आणि खर्च झालेला निधी यांत अंतर असते. निधी ठेवला का, असे आपण विचारतो. किती खर्च झाला, कोणत्या वस्तीत झाला, आणि त्यातून केलेले काम खरोखर मागासवर्गीय वस्तीत आहे का, हे विचारायचे राहून जाते.

चौथे कारण लिहिताना आम्हाला जड जाते, पण लिहायला हवे. चूक आपलीही आहे. नगरसेवक दारात आले की आपण काय मागतो? प्रवेशद्वार, चौकाला नाव, समाजभवनाला आणखी एक मजला, गट्टू, ग्रीन जिम. हे दिसते, त्यावर पाटी लागते. जमिनीखालची गडरलाइन दिसत नाही. तिच्यावर कुणाचे नावही कोरता येत नाही. पैसा भरपूर असताना दोन्ही मागणे ठीक आहे. पैसा कमी असताना आपण प्रवेशद्वार मागितले, तर गडरलाइन आपणच मागे ढकलली. पावसाळ्यात त्याच प्रवेशद्वाराखालून तुंबलेले पाणी वाहते.

जमीन विकून शहर चालवण्याचा मोह

उत्पन्न घटले की प्रशासनाला एक सोपा मार्ग दिसतो. मोकळी जागा, बंद शाळा, उद्यान, जुनी इमारत दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी विकासकाकडे द्यायची. देखभालीचा खर्च वाचतो आणि थोडे भाडेही येते. पण सार्वजनिक जागा ही फक्त मालमत्ता नसते. तिच्याशी समाजाची आठवण जोडलेली असते.

अंबाझरी उद्यानाच्या परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन हे त्याचे उदाहरण. पर्यटन प्रकल्पासाठी दिलेल्या जागेतले हे भवन २०२१ मध्ये पाडले गेले. ते पुन्हा उभे राहावे म्हणून समाजाला दीर्घ आंदोलन करावे लागले. जागा देताना भवनाचे काय होणार, हा प्रश्न करार होण्याआधी उघडपणे चर्चेला यायला हवा होता.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे आहे. दीक्षाभूमीच्या विकासासाठी राज्याने निधी दिला, काम सुरू झाले. पैशाची अडचण नव्हती. पण भूमिगत पार्किंगच्या खोदकामाने स्तूपाला धोका होईल ही भीती लोकांनी व्यक्त केली, ती वेळेवर ऐकली गेली नाही. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक दीक्षाभूमीवर जमले, आंदोलन पेटले आणि सरकारला पार्किंगचे काम थांबवावे लागले. झालेला खर्च मातीत गेला, खड्डा राहिला.

पहिल्या उदाहरणात तिजोरीवरचा भार कमी करण्याची घाई होती, दुसऱ्यात पैसा असूनही विचारपूस नव्हती. दोन्हीकडे चुकले ते एकच. ज्यांच्यासाठी काम, त्यांना आधी विचारले नाही. तिजोरी रिकामी असते तेव्हा ही चूक अधिकच महाग पडते, कारण दुसऱ्यांदा काम करायला पैसा नसतो.

कमी पैशात शहाणे नियोजन कसे असते?

त्यासाठी फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही. घरात कमाई घटली की आपली आई जे करते, साधारण तेच.

सुरुवात उत्पन्नाच्या खऱ्या आकड्यापासून. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधावा. इच्छा आणि अंदाज यांत फरक ठेवावा.

मग अर्धवट कामे. पाच नवी कामे सुरू करून पाचही अर्धी ठेवण्यापेक्षा तीन अर्धी कामे पूर्ण करावीत. अर्धी खोदलेली गडरलाइन ही न खोदलेल्या लाइनपेक्षा धोकादायक असते.

त्यानंतर दुरुस्ती. गळकी जलवाहिनी, भेगाळलेली शाळा, तुंबलेला नाला यांची दुरुस्ती पुढे ढकलली की बचत झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ते व्याजाने घेतलेले कर्ज असते. २०२३ च्या पुरानंतर भिंती, पूल, रस्ते दुरुस्त करायला जो पैसा लागला, तो कोणत्याही अर्थसंकल्पात आधी धरलेला नव्हता.

नव्या कामांत क्रम लावताना कसोटी एकच असावी. हे काम नसल्यामुळे कुणाच्या आरोग्याला, जिवाला, शिक्षणाला आज धोका आहे का? असेल तर ते आधी. सुशोभीकरण नंतर.

आणि सर्वात महत्त्वाचे, थांबवलेल्या कामांची यादी जाहीर करावी. कोणते काम थांबवले, का थांबवले, पुन्हा कधी घेणार, हे झोननिहाय लिहून लावावे. नागपुरात दहा झोन आहेत. आशीनगर, मंगळवारी, सतरंजीपुरा झोनमध्ये किती कामे थांबली आणि धरमपेठ, लक्ष्मीनगरमध्ये किती, हे समोरासमोर दिसले की वाद घालायला भाषणे लागणार नाहीत, यादी पुरेल.

लोकांना विचारून अर्थसंकल्प करता येतो, हेही जगाने दाखवले आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यांच्या सभा घेऊन कामांचा क्रम ठरवायला सुरुवात केली. आपल्याच राज्यात पुणे महानगरपालिका २००६ पासून नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांत कामांच्या सूचना मागवते आणि त्यांचा अर्थसंकल्पात समावेश करते. पुण्याची पद्धत परिपूर्ण नाही, तिच्यासाठीची रक्कमही लहान असते. पण अर्ज भरून आपल्या गल्लीचे काम सुचवता येते, हा फरक लहान नाही.

आपण काय करायचे?

वसुलीबाबत एक गोष्ट आधी. आपल्यापैकी ज्यांची ऐपत आहे त्यांनी मालमत्ता कर आणि पाणीपट्टी वेळेवर भरावी. कर थकवून सुविधा मागता येत नाहीत असे नाही, पण कर भरलेल्या पावतीने आवाज बळकट होतो. त्याचबरोबर मोठ्या थकबाकीदारांची वसुली किती झाली, हे विचारण्याचा हक्कही येतो. चारशे रुपयांच्या थकबाकीसाठी वस्तीत नळ कापला जातो आणि लाखोंची थकबाकी कोर्टात पडून राहते, हे चालणार नाही.

त्यानंतर प्रत्येक विहाराने, महिला मंडळाने, युवक मंडळाने एक छोटी समिती करावी. पाच माणसे पुरेत. त्यातला एक हिशेब जाणणारा, एक झोन कार्यालयात जाऊन येणारा, आणि निदान दोन महिला, कारण पाणी आणि गडर यांचा त्रास कुठे आहे हे त्यांनाच सर्वात आधी कळते. या समितीने आपल्या नगरसेवकाला आणि झोनच्या सहायक आयुक्तांना लेखी विचारावे:

१. मागच्या वर्षी अंदाजलेले उत्पन्न किती आणि प्रत्यक्ष जमा किती?

२. आमच्या प्रभागातली मंजूर कामे किती, पूर्ण किती, थांबवलेली किती आणि कोणत्या कारणाने?

३. मागासवर्गीय कल्याणाच्या ५ टक्के निधीतून मागच्या तीन वर्षांत कोणत्या वस्तीत कोणते काम झाले आणि किती रक्कम खर्चाविना राहिली?

४. मोठ्या प्रकल्पांतला मनपाचा यंदाचा वाटा किती आणि तो कोणत्या शीर्षातून दिला?

५. आमच्या भागातली कोणती सार्वजनिक जागा किंवा इमारत भाड्याने किंवा कराराने देण्याचा प्रस्ताव आहे का?

उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही दहा रुपये लागत नाहीत.

वस्तीत कामांची यादी करताना मात्र क्रम आपणच लावावा. पहिले काम कोणते, दुसरे कोणते, हे सभेत ठरवून लिहून द्यावे. आपण वीस कामांची यादी दिली तर त्यातले सोयीचे काम प्रशासन निवडेल. तीन कामे क्रमाने दिली तर निवड आपली राहील. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. त्यात नगरपालिकांच्या अठरा विषयांत झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय आहेत. तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही.

शेवटी महाडची आठवण. चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला आणि महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर पाणी मिळाले होते. ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांसोबत हजारो लोकांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ मध्ये लागला.

नगरपालिकेचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांच्यातले अंतर आपल्या समाजाइतके कुणाला माहीत आहे? ‘काम मंजूर आहे, पण निधी नाही’ हे वाक्य त्याच अंतरातले आहे. पुढच्या वेळी ते कानावर पडेल तेव्हा परत न फिरता एवढेच विचारू या: निधी नाही तो कोणत्या कामाला, आणि आहे तो कोणत्या कामाला?

जय भीम!